दूरध्वनी-नोंदींचा सारांश : चिकित्सालयाच्या परीक्षणाचे एक साधन

चिकित्सालयात रुग्ण किती आले, हे केसपेपरवरून समजते. औषधे किती खर्ची पडली, हे साठावहीतून कळते. परंतु दूरध्वनी करूनही ज्यांना उत्तर मिळाले नाही, अशा रुग्णांची नोंद बहुधा कोठेच नसते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींतून वृद्ध रुग्णास जिने उतरून येणे कष्टाचे असते; पंचकर्म चालू असलेल्या रुग्णास मधल्या दिवशी पथ्याविषयी शंका विचारावयाची असते. त्यांच्या दृष्टीने दूरध्वनी हेच चिकित्सालयाचे दार होय. हे दार केव्हा बंद राहते, हे दाखविणाऱ्या संगणक-प्रणालीचा परिचय वैद्यबंधुभगिनींस करून देण्याचा येथे हेतू आहे.

नोंद कशी तयार होते?

मुंबईत दूरध्वनी-केंद्र १८८२ साली सुरू झाले. पुढे स्वयंचलित केंद्रांच्या काळात प्रत्येक ग्राहकाच्या नावे केंद्रात एक मीटर असे. स्थानिक कॉलचा एकूण आकडा तेवढा त्यावरून बिलात येई. कोणता कॉल केव्हा झाला, हे त्यातून उलगडत नसे. इलेक्ट्रॉनिक केंद्रे आल्यावर प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद ठेवणे सुलभ झाले. मोठ्या चिकित्सालयातील ई.पी.ए.बी.एक्स. यंत्रही हेच कार्य करते. कॉल संपताच ते एक ओळ संगणकाकडे पाठविते : दिनांक, वेळ, बाहेरील लाइन, आतील एक्स्टेन्शन, समोरचा क्रमांक, घंटी किती सेकंद वाजली व बोलणे किती वेळ चालले.

अशा शेकडो ओळी वाचून अनुमान काढणे माणसास अवघड जाते. संगणक-प्रणाली त्या साठविते, तास, वार व एक्स्टेन्शन यांनुसार त्यांची वर्गवारी करते आणि आठवड्याचा वा महिन्याचा संक्षिप्त अहवाल देते.

सारांश कसा वाचावा?

समजा, दादरच्या एका चिकित्सालयात एका दिवशी ८० कॉल आले. त्यांपैकी ६८ घेतले गेले व १२ सुटले. ८५ टक्के कॉलना उत्तर मिळाले, हा आकडा समाधानकारक वाटेल. परंतु तासवार तक्ता पाहता सुटलेल्या १२ पैकी ९ कॉल दुपारी एक ते दोनच्या दरम्यानचे, म्हणजे स्वागतकक्षातील भोजनाच्या वेळेचे निघतात. ते नऊ कॉल केवळ चार क्रमांकांवरून आलेले असून, एका क्रमांकावरून पाच वेळा प्रयत्न झाला आहे. आता बाहेर गेलेल्या कॉलांशी ताळा घेतला असता, तिघांना सायंकाळी उलट फोन गेला, मात्र पाच वेळा फोन करणाऱ्यास गेला नाही, असे दिसते. त्या दिवसाच्या अहवालातील महत्त्वाची गोष्ट हीच. म्हणून प्रणाली निवडताना ‘उत्तर न मिळालेले व उलट फोन न गेलेले क्रमांक’ ही यादी ती रोज देते किंवा नाही, हे प्रथम पाहावे.

मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, ज्यास फोन एंगेज लागला, त्याचा कॉल आपल्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. साहजिकच तो अहवालात येत नाही. सर्व लाइनी एकाच वेळी किती काळ व्यग्र होत्या, यावरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. काही यंत्रांत न उचललेल्या कॉलची नोंद मुद्दाम चालू करावी लागते. यंत्राचे घड्याळही बरोबर लावलेले असावे.

दुसरी गोष्ट, क्रमांक म्हणजे रुग्ण नव्हे. पूर्वी चाळीतील एकाच घरी फोन असे आणि शेजारीपाजारी तोच पी.पी. नंबर म्हणून देत. आजही आईच्या केसपेपरवर मुलाचा मोबाइल क्रमांक असतो. शिवाय ‘मिस्ड कॉल देणे’ हा आपल्याकडे निरोप पाठविण्याचाच एक मार्ग ठरला आहे. अर्धवट घंटीचा कॉल क्षुल्लक समजू नये.

तिसरी गोष्ट देश-काल-विचाराची. हिंदमाता परिसरात पाणी साचले अथवा गणेशोत्सवात लालबागचे रस्ते गर्दीने भरले, तर त्या आठवड्याचे आकडे इतर आठवड्यांशी ताडून कर्मचाऱ्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. कॉल किती मिनिटे चालला, यावरूनही कामाची प्रत ठरवू नये. भयभीत रुग्णास शांतपणे समजावण्यास वेळ लागतोच.

नोंद आणि गोपनीयता

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षांपैकी फोनवर केवळ प्रश्नच शक्य असतो; म्हणून फोनवरील सल्ल्याची नोंद अधिक काटेकोर हवी. २०२० साली आयुर्वेद चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. प्रणालीची नोंद कॉल झाल्याचे सांगते, काय सल्ला दिला हे सांगत नाही. ते वैद्याने केसपेपरवर स्वतःच लिहिले पाहिजे.

कोण कोणत्या तज्ज्ञास वारंवार फोन करतो, यावरून त्याच्या व्याधीचा तर्क होऊ शकतो. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, असा आदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास दिलेला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही वैयक्तिक माहिती जपण्याचे दायित्व घालतो. यास्तव मासिक अहवालात केवळ संख्या असाव्यात. क्रमांकांची यादी उलट फोन करणाऱ्या व्यक्तीपुरतीच मर्यादित ठेवावी व काम होताच काढून टाकावी.

ज्यांच्याकडे एकच फोन आहे, त्यांस प्रणाली विकत घेण्याची आवश्यकता नाही. वेळ, क्रमांक, कोणी उचलला व उलट फोन केला काय, अशा चार रकान्यांची वही पुरते. मात्र ती रोज चिकित्सालय बंद करण्यापूर्वी उघडली गेली पाहिजे, आणि शेवटचा रकाना रिकामा असेल तर दिवा मालवण्यापूर्वी तो फोन झाला पाहिजे.