उत्तर आले नाही, म्हणजे वाट मोकळी नव्हे



वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्या घरातील मुलांनी हट्ट धरला की आपणही एक रोबो बनवावा. आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. विजेशी आमचा संबंध दिवा लावण्यापुरताच. तरीही मुलांबरोबर वऱ्हांड्यात बसलो आणि आठवड्याभरात आमची गाडी चालू लागली.

सामान फार लागत नाही. प्लायवूडचा एक तुकडा, दोन लहान मोटारी व त्यांची चाके, तोल राखण्यासाठी एक फिरते चाक, बॅटरीचे सेल, मोटारींना वीज पुरविणारी पट्टी आणि हुकूम देणारी आर्डुइनो नावाची पट्टी. आर्डुइनोचा जन्म 2005 साली इटलीत झाला, तोही विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी. दोन्ही चाके पुढे फिरली की गाडी सरळ जाते. एक पुढे व एक मागे फिरले की जागच्या जागी वळते.

खरी गंमत अंतर मोजणाऱ्या सेन्सरची. गाडीच्या पुढे दोन गोल डोळे दिसतात. पण एक आहे तोंड आणि दुसरा कान. तोंडातून सेकंदाला 40,000 कंपनांचा ध्वनी निघतो. तो माणसाला ऐकू येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. भिंत 20 सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. त्या वेळावरून अंतर कळते.

"म्हणजे आपल्या लिचीवर येणाऱ्या वटवाघळासारखेच!" मुले म्हणाली. तसे नाही. फळे खाणारे आपले मोठे वटवाघूळ डोळ्यांनी व वासाने वाट काढते. किडे खाणारी लहान वटवाघळे मात्र प्रतिध्वनी ऐकून उडतात.

आता आमची चूक सांगतो. प्रतिध्वनी परत आला नाही, तर आमच्या यंत्रात 0 हा आकडा येई. गाडीला वाटे, भिंत अगदी नाकाशी आहे. म्हणून मोकळ्या जागेतही ती गरगर फिरे. आम्ही नियम बदलला : 0 आला तर वाट मोकळी समजावी. गाडी सुसाट धावली. मुलांनी टाळ्या पिटल्या. आणि ती थेट खुर्चीवर बसलेल्या आजींच्या पायावर आदळली.

"अरे, ह्याला मी दिसले नाही का?" आजी पाय चोळत म्हणाल्या.

आजी समोरच होत्या. पण साडीच्या मऊ निऱ्यांनी ध्वनी शोषून घेतला होता. तिरप्या फळीवरूनही ध्वनी भलतीकडे जातो आणि उत्तर येत नाही. आम्ही त्या मौनाचा अर्थ 'कोणी नाही' असा घेतला होता.

मग दोन सुधारणा केल्या. उत्तर नाही आले, तर तीनदा विचारावे. तरीही नाही, तर पुढे जावे, पण अगदी हळू. शिवाय पुढे एक हलकी पट्टी व बटण बसविले. स्पर्श होताच मोटार बंद. खुर्चीवर जुनी साडी टाकून दहा वेळा पाहिले, मगच आजींच्या समोर गाडी सोडली. घरी कोणी गाडी बनविणार असाल, तर हे बटण विसरू नका.

जानेवारीत शाळा उघडली. धडा शिकवून आम्ही सवयीप्रमाणे विचारले, "कळले ना?" कोणी बोलले नाही. इतकी वर्षे आम्ही अशा वेळी पान उलटीत आलो. या वेळी थांबलो. पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा विचारले.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "गुरुजी, मला पहिल्या ओळीपासूनच कळले नाही."

आम्ही पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.