हुकावरचा भार

ऊसतोडीच्या हंगामाचा हिशेब आपण टनांत आणि उचलीत करतो. बीड जिल्ह्यात गेल्या पन्नास वर्षांत या धंद्यातलं ओझं बैलाच्या खांद्यावरून लोखंडावर कसं गेलं, ते मात्र सहसा कुणी पाहत नाही. मला ते ट्रॅक्टरच्या मागच्या हुकापाशी उभं राहून पाहावंसं वाटतं. दर हंगामात तिथंच काहीतरी तुटतं, आणि वेल्डिंग मारून काम पुढं ढकललं जातं.

1972 च्या दुष्काळानंतर आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून माणसं मोठ्या संख्येनं कोयता घेऊन निघाली, त्यांच्याबरोबर बैलही निघाले. गाडी भरायचं ज्ञान घरोघरी होतं. ऊस मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची आणि जू वर उचलायचं. पुढं जास्त झाला की बैलाचा खांदा सुजायचा. मग गाडीवान दोन मोळ्या काढून पुढच्या मागं करायचा. कारखान्यांच्या टायरगाड्या आल्या, भार वाढला, पण तोल बघायची सवय तीच राहिली. चूक झाली की बैल पाऊलच टाकत नसे.

1987 च्या सुमारास सिंदफणेवरचं माजलगाव धरण झालं आणि जिल्ह्यातही ऊस वाढला. तेलगाव, पवारवाडी, पांगरी इथल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर डबल ट्रॉल्या दिसू लागल्या, नंतर छोट्या ट्रॅक्टरला गाड्या जोडलेले जुगाडही आले. ट्रॅक्टरमध्ये ताकद भरपूर, त्यामुळं ट्रॉलीत ऊस कसा बसलाय हे विचारायची वेळच येईना.

प्रश्न इथूनच सुरू झाला. चार चाकी ट्रॉलीची पुढची चाकं टर्नटेबलवर फिरतात, तिच्या हुकावर ओढ असते, उभा भार जवळजवळ नसतो. दोन चाकी ट्रॉलीचं तसं नाही. ती पुढं जास्त भरली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही. मागं जास्त भरली की कडी हुकाला वर उचलते आणि मोठ्या टायरांची पकड जाते. मोटारीमागं चाकांवरचं घर ओढून सहलीला जाणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाही हेच भोगावं लागतं. तिथं मागच्या गाडीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा असा दंडक आहे, आणि तो पुढच्या चाकांपर्यंत पोचवायला स्प्रिंगचे दांडे लावतात. आपल्याकडं असे दांडे नाहीत, ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं टांगतात. काही जण ट्रॉलीची दांडी सपाट बसावी म्हणून हुकच उंच करून घेतात, आणि हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टर पुढून उचलतो.

हुकाची तुटलेली प्लेट वेल्डिंगच्या दुकानात येते तेव्हा चालकाला काट्यावरचा नंबर गाठायचा असतो. चीर दिसते तिथं रॉड लागतो, वरून पट्टी बसते. काही दिवसांत त्या पट्टीच्या काठालाच नवी चीर पडते, कारण तेवढाच भाग ताठ झालेला असतो आणि सगळा ताण काठाशी येतो. जाणता मिस्त्री आधी प्लेट घासतो, रॉकेल लावतो, थोड्या वेळानं कोरडी पुसून वर पातळ चुना फिरवतो. चुना वाळला की चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. रेघ बोल्टच्या भोकातून निघाली असेल तर भोक लांबट झालंय का ते बघायचं. झालं असेल तर प्लेट बदलायची, वॉशरनं भागत नाही, आणि बोल्ट डोक्यावर 8.8 कोरलेलेच घ्यायचे. रेघ वेल्डिंगच्या काठानं गेली असेल तर पिन आणि कडी किती झिजलीय ते पाहायचं. पिन ढिली असली की गिअर बदलताना दरवेळी हिसका बसतो, आणि प्लेटला वजनापेक्षा हे हिसके जास्त मारतात.

2021-22 च्या हंगामात हे सगळं ताणलं गेलं. राज्यात साखर 137 लाख टनांच्या घरात गेली, तरी गेवराई-माजलगावकडचा ऊस मे महिन्यातही फडात उभा होता. 50 किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला सरकारनं टनामागं किलोमीटरला 5 रुपये अनुदान दिलं, गाळप जूनपर्यंत चाललं. शेतकऱ्यांसाठी ते गरजेचंच होतं. पण त्याच झिजलेल्या पिना लांबच्या पल्ल्याला लागल्या, आणि दुरुस्तीचे महिने हातचे गेले.

धारूरच्या अरुंद घाटात तर हुकाची उलटी परीक्षा होते. उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते, ढिली पिन कडीच्या दुसऱ्या अंगावर आदळते, आणि वळणावर ट्रॉली आडवी व्हायला बघते.

आणि याच ट्रॉल्यांत, दसरा-दिवाळीनंतर, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बसून जातात. पत्रे, चूल, पिठाच्या गोण्या, त्यावर बायका आणि लेकरं. भार उसाच्या मानानं काहीच नसतो, म्हणून ट्रॅक्टर जोरात जातो आणि हुक कुणी बघत नाही. कारखाने ट्रॉल्यांना रेडियम लावून घेतात, ते फार चांगलं काम आहे. त्याच दिवशी पिन काढून झीज पाहावी, प्लेटवर चुना फिरवावा, आणि दांडीच्या दोन्ही बाजूंनी साखळ्या घालून घ्याव्यात. मुकादमानं टोळी बसवण्याआधी त्या साखळ्या स्वतःच्या हातानं ओढून बघाव्यात.