रिमोट बिघडला नाही, अँटेनाची जागा चुकली आहे! घरात दोन-तीन वायरलेस रिमोट असतील तर हे वाचाच

रात्रीची जेवणं उरकली, आजी आतल्या खोलीत कीर्तन लावायला बसली आणि चॅनेल काही बदलेना. रिमोट उलटापालटा करून झाला, सेल बदलून झाले, दोन टपल्याही मारून झाल्या. शेवटी नातवाला हाक, "अरे बाळा, बाहेर जाऊन तेवढा डब्याचा चॅनेल बदल." गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर वेळी उठणं जमत नाही आणि नातू दर वेळी घरात नसतो.

आता बऱ्याच घरांत डिशचा डबा एक आणि टीव्ही दोन असतात. डबा बाहेरच्या खोलीत आणि तिथून वायर ओढून दुसरा टीव्ही आत. आत बसून बाहेरचा डबा चालावा म्हणून लोक ऑनलाइन वायरलेस रिमोट एक्स्टेंडर मागवतात. त्यात अँड्रॉइड बॉक्सचा रिमोट, होम थिएटरचा वायरलेस माईक आणि वायफायचा राउटर यांची भर पडते. प्रत्येकाचा अँटेना वेगळा आणि सगळे एकाच टीव्हीमागे कोंबलेले. मग एक चालतो, दुसरा अडकतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी किंवा नवीन वस्तू घेण्याआधी फक्त जागा बदलून बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आधी रिमोट कोणत्या जातीचा ते ओळखा

साधा रिमोट उजेडावर चालतो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट उजेडाचा. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा. उजेड भिंतीतून जात नाही, त्यामुळे या रिमोटला समोरासमोर जागा लागते.

दुसरी जात रेडिओ लहरींची. रिमोट हाताने झाकला किंवा दुसरीकडे वळवला तरी चालतो, तो रेडिओचा. एक्स्टेंडरमध्ये या दोन्ही जाती असतात. आतल्या खोलीतली डबी रिमोटचा उजेड पकडते आणि त्याचे रेडिओ सिग्नल करून बाहेर पाठवते. बाहेरची डबी ते पकडून परत उजेडात बदलते आणि सेटटॉप बॉक्सच्या डोळ्यासमोर लुकलुकते. म्हणजे दोन ठिकाणी उजेडाची वाट मोकळी हवी आणि मधे रेडिओची. यातलं एक जरी अडलं तरी सगळं अडलं.

अँटेनाची लांबी मनाने वाढवू नका

बरेच एक्स्टेंडर आणि वायरलेस बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर. अँटेना तिच्या पाव हिश्शाचा, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या आसपास ठेवला की चांगला चालतो. वायफाय, ब्लूटूथ आणि बहुतेक डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे पाव हिस्सा जेमतेम ३ सेंटिमीटर.

आपल्याकडे सवय अशी की रेंज येईना, तर तांब्याची तार जोडून अँटेना लांब करायचा. जुन्या रेडिओला ते चालायचं. इथे माप चुकलं की रेंज वाढायच्या ऐवजी कमी होते. दोन डब्यांच्या अँटेना पिळून एकत्र जोडू नका. डबीसोबत मोकळी वायर आली असेल तर ती गुंडाळू नका, सरळ सोडा.

अँटेना कुठे आणि कसा ठेवायचा?

लोखंडापासून दूर. लोखंडी कपाट, स्टीलची कोठी, पत्र्याची भिंत आणि टीव्हीची पाठ रेडिओ लहरी अडवतात किंवा परतवतात. डबी टीव्हीमागे लपवू नका, बाजूला किंवा वर ठेवा. पत्र्याचं घर असेल तर अँटेना पत्र्याला टेकवू नका, वीतभर तरी खाली ठेवा.

दोघांचा पवित्रा सारखा. पाठवणारा अँटेना उभा असेल तर पकडणाराही उभा हवा. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो, म्हणून टोक समोरच्या डबीकडे रोखून ठेवू नका.

एकमेकांपासून अंतर. दोन वेगळ्या यंत्रांचे अँटेना एकमेकांना चिकटवू नका. किमान एक वीत अंतर ठेवा, जागा असेल तर दोन हात. राउटर तर टीव्हीच्या टेबलावरून हलवून वेगळ्या फळीवर ठेवलेला बरा.

एकाच यंत्राला दोन अँटेना असतील तर? वायरलेस माईकच्या डब्यावर दोन असतात. ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकवून ठेवा. राउटरवर दोन असतील तर एक उभा, एक आडवा करून बघा. मोबाईल आपण कसाही धरतो, त्यातला एक तरी त्याला जुळतो.

निळ्या पोर्टजवळचा डोंगल

अँड्रॉइड बॉक्सला रिमोटचा डोंगल लावलाय आणि शेजारच्या निळ्या यूएसबी पोर्टला पिक्चरची हार्ड डिस्क. हार्ड डिस्क लावली की रिमोट अडखळतो. हा योगायोग नाही. निळा पोर्ट सहसा यूएसबी ३ चा असतो. त्यातून फाईल चालू असताना होणारा रेडिओचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल हातभर लांब, रिमोटकडे तोंड करून ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

डबीचा दिवा सारखा लुकलुकतोय?

रिमोट दाबलेला नसताना आतल्या डबीचा दिवा लुकलुकत असेल तर तिच्या डोळ्यावर भलताच उजेड पडतोय. दारातून येणारं ऊन, एखादा दिवा किंवा टीव्हीच्या पडद्याचा उजेड. डबीला वाटतं कुणीतरी बटण दाबतंय, आणि ती सारखी सिग्नल पाठवत राहते. त्या गोंधळात खरा सिग्नल बुडतो. घरात असे दोन एक्स्टेंडर असतील तर एकाच्या गोंधळाने दुसराही बंद पडतो. डबीचं तोंड उजेडापासून फिरवा, की दिवा शांत होईल.

तपासायचं कसं?

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी राउटर, माईक, डोंगल सगळं बंद करून फक्त एक्स्टेंडर चालवा. नीट चालला तर एकेक यंत्र सुरू करत जा. ज्याच्यामुळे अडकेल ते लांब सरकवा. सगळं बंद असूनही चालत नसेल तर स्वस्तातले अडॅप्टर आणि एलईडी बल्ब बंद करून बघा, तेही गोंगाट करतात. जागा ठरवताना डबी लगेच चिकटवू नका, दोन दिवस नुसती ठेवून बघा. एवढं करूनही जमलं नाही, तर मात्र यंत्रातच बिघाड समजा.

एक काम मात्र करू नका

रेंज मिळावी म्हणून अँटेनाची वायर गच्चीवर किंवा पत्र्यावर नेऊ नका. उघड्यावरची वायर म्हणजे विजेला घरात यायला वाट. विजा कडाडायच्या आधीच टीव्ही, डबा आणि राउटरची पिन काढा, डिशची वायरही डब्यापासून सोडवा. विजा सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका.

आता आजीच्या घरी परत येऊ. तिथे बाहेरची डबी लोखंडी शोकेसच्या आत, राउटरला चिकटून असेल, आणि आतली डबी खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून. बाहेरची डबी शोकेसवर ठेवा, राउटर पलीकडच्या फळीवर न्या, आतलीचं तोंड आजीच्या खाटेकडे करा. पाच मिनिटांचं काम आहे, आजच रात्री करून बघा. कीर्तन लावायला आजीला कुणाला हाक मारायची गरज पडली नाही, तर जागा बरोबर सापडली समजा.