‘एक अनेक और एकता’ : बोधकथेचे रूपांतर आणि पात्रयोजना

‘एकता’ ही भाववाचक कल्पना होय. आणि भाववाचक कल्पना लहान मुलास उपदेशाने उमगत नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली निर्माण केलेल्या ‘एक अनेक और एकता’ या सुमारे सात मिनिटांच्या हिंदी सचेतनपटाचे महत्त्व या अडचणीच्या संदर्भातच ध्यानी येते. त्याचे दिग्दर्शन विजया मुळे यांचे, आरेखन व चित्रसंचलन भीमसैन यांचे, तर संगीत वसंत देसाई यांचे होय. दूरदर्शनमुळे तो घरोघर पोहोचला. भायखळा, लालबाग, परळ या भागांतील चाळींत एका घरच्या संचासमोर सगळ्या मजल्याची मुले जमत, त्या काळी त्याला सामुदायिक प्रेक्षकवर्ग अनायासेच लाभला.

चित्रपटाचा कथाभाग पंचतंत्र व हितोपदेश यांतील कपोतांच्या कथेवर आधारलेला आहे. मूळ कथेत चित्रग्रीव हा कपोतांचा राजा आहे. जाळ्यासह उडण्याची युक्ती त्याची; त्याचा मित्र हिरण्यक नावाचा मूषक पाश तोडू लागतो, तेव्हा ‘आधी माझ्या आश्रितांचे पाश तोड’ असा आग्रहही त्याचाच. म्हणजे मूळ कथेचा भर नायकाच्या कर्तव्यबुद्धीवर आहे. चित्रपटात राजा उरत नाही. शहाणपण कोणा एका पक्ष्याकडे न राहता थव्याचे होते, आणि एका हिरण्यकाच्या जागी अनेक उंदीर येतात. हा केवळ संक्षेप नव्हे. राजतंत्रातील नीतिकथेला लोकसत्ताक राष्ट्राच्या बालशिक्षणासाठी दिलेले ते नवे रूप होय.

नायक नसलेल्या या कथेला व्यक्तित्व लाभते ते ऐकणाऱ्या बालकामुळे. ताईला विचारलेला त्याचा पहिला प्रश्न शब्दार्थाचा आहे : ‘अनेक’ म्हणजे काय? सूर्य, चंद्र, तारे, खारी, फुलपाखरे अशा दृश्य उदाहरणांनी त्याचे उत्तर मिळते, आणि एकेक करीत जमणाऱ्या पक्ष्यांतून गणतीचा पाठ नकळत गोष्टीत शिरतो. पुढे ‘व्याध’ हा शब्द अडतो, तेव्हा बालक पुन्हा थांबवून विचारते. मग पक्ष्यांचे काय झाले, ही काळजी त्याला लागते. आणि शेवटी, आपणही एक झालो तर या झाडाचे आंबे काढता येतील काय, असे ते विचारते. व्याकरणापासून सहानुभूतीकडे व तेथून कृतीकडे जाणारा हा प्रवास म्हणजेच त्या पात्राचा विकास होय. तात्पर्य ताई लादत नाही. श्रोताच ते काढतो.

मात्र एक त्रुटी नोंदविणे अगत्याचे आहे. शेवटचे गीत विविध वेष व भाषांच्या देशवासीयांच्या ऐक्याचे आहे. परंतु जाळ्यात सापडलेले पक्षी एकाच जातीचे आणि त्यांचे संकटही एकच. सारख्यांची एकजूट आणि भिन्नांचे ऐक्य या दोन निराळ्या गोष्टी होत. हे अंतर कथेत अंशतः भरून निघते ते उंदरांमुळे. त्यांच्यावर संकट नसते, त्यांची जातही वेगळी, तरी ते जाळे कुरतडतात. चित्रपट या मुद्द्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. पण त्याच्या शीर्षकातील अखेरच्या शब्दाचा खरा आधार पक्ष्यांच्या उड्डाणापेक्षा उंदरांच्या या मदतीतच शोधावा लागतो.