तुरा हवा तसा, पिल्लू येतं तसं

'खाण तशी माती' ही म्हण ज्याने केली, त्याच्या खुराड्यात अँडलुशियन कोंबडी नक्कीच नव्हती. मूळची दक्षिण स्पेनची ही जात. तिच्या 'स्टँडर्ड'मध्ये, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनात, रंग एकच: पाटीचा करडा-निळा, आणि प्रत्येक पिसाला गडद किनार. आता एक निळा कोंबडा आणि एक निळी कोंबडी घ्या. दोघंही पदकविजेते असू द्यात. त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी निम्मीच निळी निघतात. पाव काळी, आणि उरलेली पाव शिंतोडे उडालेली मळकट पांढरी. दहा पिढ्या निवड करा, नाहीतर पन्नास, हिशेब हलत नाही. काळं पीस फिकं करणाऱ्या जनुकाची एक प्रत मिळाली की पिल्लू निळं, दोन मिळाल्या की पांढुरकं, एकही नसली की काळं. एवढाच सगळा खेळ आहे.

मग झाडून सगळी पिल्लं निळी हवी असतील तर? प्रदर्शनात ज्यांना कोणी पिंजराही देणार नाही असे दोघे निवडायचे, एक काळा आणि एक शिंतोड्यांचा. त्यांचं प्रत्येक पिल्लू निळं!

हे नियम केले कुणी?

इंग्रजांनी. 1840च्या दशकात चीनमधून गुबगुबीत कोचीन कोंबड्या इंग्लंडात पोचल्या, राणी व्हिक्टोरियाने त्या पाळल्या आणि लोक कोंबड्यांमागे वेडे झाले. वेड म्हटलं की स्पर्धा, आणि स्पर्धा म्हटली की भांडणं. जज कशावर निकाल देतो, हे कुठेतरी लिहिलेलं हवंच. 1865 मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं स्टँडर्ड छापलं गेलं. त्याचे संपादक विल्यम टेगेटमायर हे डार्विनला कोंबड्या-कबुतरांची माहिती पुरवणारे गृहस्थ. अमेरिकेने 1874 मध्ये स्वतःचं स्टँडर्ड काढलं. तुऱ्याला किती दाते, कानाची पाळी लाल की पांढरी, नखं कुठल्या रंगाची, सगळं कलमवार. अमेरिकी नियमांत तर गुळगुळीत पायांच्या जातीच्या नडगीवर पिसाचं एखादं खुंट सापडलं तरी पक्षी थेट बाद. आपल्याकडे स्थळं बघायला जाणाऱ्या काही मावश्यांना हे पुस्तक भेट द्यायला हरकत नाही.

नियम पाळाल तर वंश आखडेल

अमेरिकेच्या वायनडॉट जातीला 'गुलाब-तुरा' लागतो. हा करवतीसारखा उभा नसतो, डोक्यावर चपटा बसलेला आणि बारीक दाण्यादाण्यांचा असतो. या तुऱ्याचं जनुक प्रभावी आहे, त्यामुळे जातिवंत कळप तयार करणं सोपं असायला हवं होतं. तरी चांगल्या चांगल्या कळपांत दरवर्षी एखादं साध्या उभ्या तुऱ्याचं पिल्लू हजर होतंच. गोम अशी की ज्या कोंबड्यात गुलाब-तुऱ्याच्या दोन्ही प्रती असतात, त्याचे शुक्राणू मंद असतात. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे हा तुरा येतो, आणि उलटं बसताना तो शुक्राणूंच्या कामाचं एक जनुकही तोडतो. म्हणजे तुऱ्याने शंभर नंबरी शुद्ध असलेला नवरदेव बाप होण्यात मागे पडतो आणि बाजी मारतो तो अर्धा-मुर्धा. त्याच्यामार्फत साधा तुरा लपतछपत पुढच्या पिढीत पोचतो.

स्कॉट्स डंपीची गोष्ट याहून कठीण. स्कॉटलंडची ही दुर्मीळ जात इतकी बुटकी, की चालताना जणू जमिनीवर सरकते. जपानच्या चाबो कोंबड्याही तशाच. आखूड पायांच्या जनुकाची एक प्रत असली तर पक्षी डौलदार बुटका. दोन प्रती मिळाल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं. तेव्हा आखूड नवरा-बायकोच्या चार फलित अंड्यांमागे सरासरी एक बाद, दोन बुटकी आणि एक चक्क लांब पायांचं. हे लंबूटांग पिल्लू पाळणारा हसत हसत ठेवूनच घेतो, कारण बुटक्याची लांब पायांच्या जोडीदाराशी जोडी लावली तर एकही अंडं त्या कारणाने वाया जात नाही. चिलीच्या अरौकाना जातीत कानांजवळचे झुबके असतात. तिथेही तोच घातक हिशेब. दोन प्रती आल्या की पिल्लू बाहेर येत नाही.

नवरा एका घरचा, बायको दुसऱ्या घरची

सगळ्यात इरसाल प्रकार प्लीमथ रॉकचा. अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली ही अमेरिकी कोंबडी बऱ्याच जणांनी चित्रात पाहिली असेल. जुन्या शौकिनांना कोंबडा आणि तलंग शेजारी शेजारी, अगदी एकाच छटेचे हवे असत. पण पट्ट्यांचं जनुक लिंग-गुणसूत्रावर बसलेलं. कोंबड्याला त्याच्या दोन प्रती मिळतात, कोंबडीला एकच. साहजिकच भाऊ फिका आणि बहीण गडद. एका घाण्यात दोघंही स्टँडर्डच्या छटेचे निघणार नाहीत.

यावर शौकिनांनी काढलेला तोडगा असा, की दोन वेगळी घराणीच चालवायची. एका घराण्यात बक्षीसपात्र कोंबडे निपजतात. तिथल्या माद्या जरुरीपेक्षा काळपट, पण त्या प्रदर्शनात न्यायच्याच नाहीत. दुसऱ्या घराण्यात बक्षीसपात्र तलंगा, आणि तिथले नर जास्तच फिके, तेही घरीच राहायचे. प्रदर्शनात शेजारी बसलेली ती देखणी जोडी नवरा-बायको नसे आणि भाऊ-बहीणही नसे. त्या दोघांची जोडी लावली असती तर पिल्लांनी स्टँडर्डची पार वाट लावली असती! कागदावर एक जात, परसात दोन, आणि ज्या पक्ष्यांवर सगळा वंश चालतो ते जजच्या नजरेला कधीच पडत नाहीत. माझ्या मते जातिवंतपणाच्या सगळ्या खटाटोपातला हा सर्वात प्रामाणिक फसवणुकीचा नमुना. पद्धत इतकी उघड होती की तिच्यावर पुस्तकांत प्रकरणं लिहिली गेली.

सर जॉनचा बायकी कोंबडा

सर जॉन सेब्राइट या इंग्रज जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक चिमुकली कोंबडी घडवली. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम, सोनेरी किंवा रुपेरी अंग, आणि प्रत्येक पिसाला काळी रेघ. पिसाचा कुठलाही रंग तीन वर्षांत आणून देतो, डोकं आणि चोच मात्र सहा वर्षं घेतील, असं हे गृहस्थ कबुतरांबाबत म्हणत. डार्विनने ते नोंदवून ठेवलं आहे.

सेब्राइट कोंबड्याला कोयत्यासारखी वळणदार शेपूट नसते आणि मानेवर टोकदार पिसंही नसतात. आरवतो नरासारखा, पेहराव मादीचा. याचं कारण एका जुन्या विषाणूने जनुकांत सोडलेला तुकडा. त्यामुळे कोंबड्याची कातडीच नर-संप्रेरकाचं रूपांतर मादी-संप्रेरकात करते, आणि पिसं तिचंच ऐकतात. या जातीत नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्याने वांझपणा आला, हेही डार्विनने लिहिलं आहे.

थोडक्यात, पण मजेचं

फ्रान्सच्या मारां कोंबडीत पक्ष्याइतकंच अंड्याला महत्त्व. चॉकलेटी अंड्यांसाठी 1 ते 9 अशी रंगपट्टी आहे आणि 4च्या खालचं अंडं घालणारी कोंबडी जातिवंत धरत नाहीत. पंचाईत अशी की हंगाम पुढे सरकला की अंडी आपोआप फिकी होत जातात. शिवाय कोंबडा अंडं घालत नाही, त्यामुळे त्याची परीक्षा त्याच्या लेकींवरून.

जपानच्या कोची प्रांतातल्या ओनागादोरी कोंबड्याची शेपटीची पिसं गळतच नाहीत, वाढतच राहतात. दहा मीटरच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. शेपूट मळू नये म्हणून त्याला उंच, अरुंद पेटीत बसवतात. 1952 पासून जपानने त्याला 'विशेष नैसर्गिक स्मारक' मानलं आहे. पाच बोटांची इंग्लिश डॉर्किंग तर इतकी जुनी, की पाच बोटांच्या कोंबड्या उत्तम, असं रोमन लेखक कोलुमेला दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला.

आणि 'ब्रह्मा' नावाच्या भारदस्त कोंबडीवर आपण उगाच हक्क सांगू नये. नाव ब्रह्मपुत्रेचं, पण पक्षी शांघायमार्गे अमेरिकेत गेलेले आणि तिथेच घडवलेले. आपला खरा हक्क वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्या असील कोंबड्यांपासून इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एक रुंद छातीची जात तयार झाली. ब्रिटनमध्ये तिला अजूनही 'इंडियन गेम' म्हणतात. आजच्या ब्रॉयलरच्या पूर्वजांत तीच. चौकातल्या दुकानात टांगलेला तो पांढरा ब्रॉयलर दूरच्या नात्याने देशीच म्हणायचा.

कडकनाथ विकत घेताना

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि महाराष्ट्रातही त्याचं पीक आलं. आधी दोन गैरसमज खोडून काढू. त्याची अंडी काळी नसतात, फिक्या बदामी रंगाची असतात. आणि रक्त लालच असतं. काळं असतं ते कातडं, मांस, हाडांवरचं आवरण. एका गुणसूत्रावरचा भाग दुणावल्याने रंगद्रव्याच्या पेशी शरीरभर पसरतात. चीनच्या सिल्की आणि इंडोनेशियाच्या अयाम चेमानीतही अगदी हाच बदल आहे.

आता खरी मेख. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये हा काळेपणा दाबणारं एक जनुक असतं आणि तेही लिंग-गुणसूत्रावर. कोंबड्यांत मुलीला हे गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि तशा पायांची साधी कोंबडी यांची जोडी लावली, तर मुलगे उजळ निघतात आणि मुली अंतर्बाह्य काळ्या! अशी मिश्र तलंग जीभ, तुरा, पाय काळे दाखवत बाजारात जातिवंत म्हणून सहज खपते. तेव्हा काळ्या तलंगांचा ढीग पाहून भुलू नका, त्यांचे भाऊ दाखवा म्हणावं. विकणाऱ्याकडे भाऊ नसतीलच, तर का नाहीत तेही विचारा.