काळ्या मारबतीवरचा आरोप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि तिच्या मागे बडगे निघतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकालाही आता टीव्हीमुळे माहीत झाले आहे. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. पिवळीचा मान तेली समाजाकडे, आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट. गावखेड्यांत याच सकाळी पळसाच्या डहाळ्या आणि रोगराई बरोबरच शिवेबाहेर टाकतात. नागपूरने त्या जुन्या रिवाजात बडग्याची भर घातली. कामट्या आणि कागदाचा हा पुतळा वर्षभराच्या बातम्या अंगावर घेऊन फिरतो आणि संध्याकाळच्या आत जळतो. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, दहशतवादी, रस्त्यातले खड्डे, सगळ्यांचे बडगे झाले. गळ्यातल्या पाटीवरचा मजकूर पुष्कळदा वर्तमानपत्राच्या अग्रलेखापेक्षा धीट असतो. (करोनात मात्र रोगराई हाकलणारी ही मिरवणूक रोगराईनेच बंद पाडली.) बडग्याचा गुण असा, की तो शिळा होत नाही. यंदाचा पुढारी पुढच्या वर्षी नसतो. काळ्या मारबतीचे तसे नाही. तिच्यावर एकच बातमी गेली कित्येक वर्षे चिकटलेली आहे: ही बाकाबाई भोसले, इंग्रजांना फितूर झालेली.

ही बाई कोण होती? दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. 1816 साली रघूजी वारले, गादीवर आलेला परसोजी आंधळा आणि दुबळा, आणि कारभारासाठी वाड्यात दोन पक्ष पडले: एक बाकाबाईचा, दुसरा पुतण्या आप्पासाहेबांचा. आप्पासाहेबांची सरशी झाली. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजी मेलेला आढळला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेबांचे सैन्य इंग्रजांकडून हरले. पुढच्या वर्षी आप्पासाहेबांना काढून इंग्रजांनी रघूजीच्या नातवाला, तिसऱ्या रघूजीला, गादीवर बसवले. मुलगा अल्पवयीन, वाडा बाकाबाईच्या हाती आणि राज्य रेसिडेंट जेन्किन्सच्या. फितुरीच्या आरोपाचे मूळ इथे आहे आणि ते खोटे म्हणता येणार नाही. आप्पासाहेबांच्या पराभवाचा फायदा तिला झाला, हे उघडच आहे. दुसरा पुरावा 1857 चा. 13 जूनला नागपुरात उठावाचा बेत होता, तो फसला. त्या दिवसांत बाकाबाईने आपल्या माणसांना आवर घातला आणि कोणी उठलाच तर त्याला स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन करीन अशी धमकी दिली, असे त्या काळच्या इंग्रजी लेखनात येते. बंडानंतर भोसले घराण्याच्या दत्तक जानोजीला देऊरचे राजेबहादूरपद मिळाले, ते काही उगाच नाही.

पण याच दोन टोकांच्या मध्ये 1854 येते, आणि मारबतीच्या गोष्टीत हे वर्ष कधीच येत नाही. 1853 च्या डिसेंबरात तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. रेसिडेंट मॅन्सेलने गादी चालू ठेवावी असे सुचवले होते; डलहौसीने ते झुगारून राज्य खालसा केले. मग वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्यात विकायला गेले, हत्ती, घोडे आणि बैल मातीमोल भावाने लिलावात गेले. जॉन के याने बंडाच्या इतिहासात हा प्रसंग सविस्तर दिला आहे. इंग्रज सामान न्यायला आले तेव्हा म्हातारी बाकाबाई आडवी उभी राहिली आणि सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, असे तिने बजावले. जिला फितूर म्हणून आपण जाळतो तिने आपल्या उतारवयात कंपनी सरकारला आगीची धमकी दिली होती, हा उपरोध कोणत्याही बडग्याच्या पाटीला सुचला नाही. आणि तीन वर्षांनी ती बंडापासून दूर राहिली, कारण गमवायला उरलेले एकमेव धन होते दत्तकाचे भवितव्य. याला घराणे सांभाळणे म्हणावे; देशद्रोह म्हणायला आधी देश नावाची गोष्ट 1857 च्या वाड्यात शोधावी लागेल.

यावर आक्षेप असा येईल, की लोकस्मृतीला तारखा नसतात. 1854 पाहिलेली माणसे 1881 ला जिवंत होती, त्यांचा राग खरा असू शकतो. मान्य. बाकाबाई 1858 ला वारली. मध्ये तेवीस वर्षे गेली, ती काही फार नव्हेत. पण राग लिलावाचा असेल तर लिलाव करणारा जळायला हवा होता. 1881 साली, कमिशनरच्या शहरात, ते कोण करणार? देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा 1878 चा कायदा तेव्हा अजून चालू होता. तो रद्द झाला 1882 ला. बातमी छापणे जोखमीचे, आणि पुतळ्याला तर बोलावेच लागत नाही. मृत राणीवर राग काढणे सोयीचे होते आणि सुरक्षितही. दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: मारबत ही पुतना आहे, रोगराई आहे, बाकाबाई वगैरे नंतरचे चिकटवणे. हे मला जास्त पटते, कारण मिरवणुकीतली आरोळी आजही ईडापीडा आणि आजारपणच न्यायला सांगते, फितुरी नव्हे. मग तर प्रश्न आणखी कठीण होतो. एका राक्षशिणीच्या पुतळ्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सबंध भोसलेकाळातून एका विधवा बाईचेच नाव का सुचले? आप्पासाहेबांवर परसोजीच्या खुनाचा संशय होता, तरी त्यांचा बडगा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. पराभूत झुंजाराला क्षमा मिळते, वाटाघाट करणाऱ्या बाईला मिळत नाही. इतिहासात पुरुषांनी केलेल्या तडजोडींना मुत्सद्देगिरी म्हणतात.

बडगे करणाऱ्या मंडळांना दरवर्षी नवा विषय हवा असतो. पुढच्या पोळ्याला एखाद्याने डलहौसीचा बडगा करून पाहावा, हातात लिलावाचा हातोडा देऊन. आणि काळी मारबत, तिच्यावरची पाटी काढून, नुसती रोगराई घेऊन जाऊ द्यावी.