उलट्या शब्दांची सुलट गोष्ट

किशोरकुमार आपले नाव ‘रशोकि रमाकु’ असे सांगत, हा किस्सा आपल्या माळवा-निमाडात नव्याने सांगावयास नको. १९२९ साली खांडव्यात जन्मलेला आणि इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला हा अवलिया आपले नाव शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणे आणि समोरचा गोंधळून जाई. या गमतीत भाषेचे एक मर्म दडलेले आहे. रोमन लिपीतला शब्द एकेका वर्णाने उलटला, तर तो बहुधा उच्चारताच येत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपला स्वर बरोबर घेऊन फिरते. त्यामुळे आपला शब्द उलटला, तरी जिभेवर सहज रुळतो.

हा खेळ आपल्याकडे पुरातन आहे. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ होऊन वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. सोळाव्या शतकातील सूर्य पंडितांनी तर ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यातील श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी असतो आणि तोच उलट वाचला की कृष्णाविषयीचा उत्तरार्ध तयार होतो. पंडितांची ही करामत मुलांनी अंगणात आणली. ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेऊन ‘चिमा काय कामाची’ दोन्ही बाजूंनी म्हणून पाहणे किंवा ‘च’च्या भाषेत ‘तुला’चे ‘चलातु’ करून मोठ्यांना चकविणे, हे आपल्यापैकी अनेकांनी केलेले असेल.

वैद्यकीचा शब्दकोशही या दृष्टीने चाळून पाहावा. ‘मलम’ कोठूनही वाचा, मलमच राहते. ‘ताप’ उलटला की ‘पता’ मिळतो आणि तापाचा पता लावणे हेच तर आपले रोजचे काम. ‘दवा’ उलटली की ‘वाद’ उभा राहतो. ‘लस’ उलटली की ‘सल’ होते, याची साक्ष माझे बालरुग्ण मोठ्या आवाजात देतात!

सातासमुद्रापार

पाश्चात्त्य जाहिरातदारांनी हा खेळ बाजारात उतरविला. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रेडिओ-दूरचित्रवाणीवर ‘सेरुटान’ नावाच्या तंतुमय सारकाची मोठी जाहिरात होत असे. त्या नावाचे रोमन वर्ण उलट वाचले की ‘नेचर्स’, म्हणजे ‘निसर्गाचे’, हा शब्द मिळतो, हे ऐकणाऱ्यांना आवर्जून सांगितले जाई. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या चित्रपटात लहानगा डॅनी दारावर ‘रेडरम’ लिहितो. आईला आरशात ‘मर्डर’ दिसते आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. फ्रान्समधील तरुणांनी ‘व्हेरलाँ’ नावाची उलटी बोली घडविली. तेथे आपल्यासारखीच अवयवांची, म्हणजे सिलॅबल्सची, अदलाबदल होते. बेल्जियन गायक स्त्रोमाए याचे नाव ‘माएस्त्रो’ असे उलगडते, ते याच रीतीने.

डॉक्टरांनी मात्र सॅम्युअल बटलर यांची ‘एरेव्हॉन’ (१८७२) ही कादंबरी अवश्य वाचावी. ‘नोव्हेअर’, म्हणजे ‘कोठेच नाही’, हा इंग्रजी शब्द थोड्या फेरफाराने उलटून हे नाव बनले आहे. नावाप्रमाणे त्या देशातला व्यवहारही उलटा आहे. तेथे आजारी पडणाऱ्यावर खटला भरून शिक्षा होते आणि अफरातफर करणाऱ्यावर मायेने उपचार होतात. विनोद म्हणून हे वाचताना हसू येते. बालरोगतज्ज्ञाला मात्र हा देश फारसा दूरचा वाटत नाही.

आपल्या घरातील एरेव्हॉन

‘डॉक्टर, हा अक्षरे उलटी काढतो, याला डिस्लेक्सिया तर नाही?’ हा प्रश्न आता वारंवार कानी येतो. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटाने हा शब्द घराघरांत पोहोचविला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यातील नाचणारी, उलटी होणारी अक्षरे लोकांच्या मनात अधिक ठसली. या समजुतीला वैद्यकीय वंशावळही आहे. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये वाचनातील अडचणीचा संबंध अक्षरांच्या उलटापालटीशी जोडला होता. पुढील संशोधनाने दृष्टिकोन बदलला. बहुतेक मुलांची मूळ अडचण डोळ्यांपेक्षा शब्दातील ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरचिन्हांशी जोडण्यात असते.

म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाने ३ आणि ६ यांची गल्लत केली किंवा एखादे अक्षर आरशातल्यासारखे काढले, तर घाबरू नये. साधारण सात वर्षांपर्यंत हे पुष्कळ मुलांत दिसते व ओसरते. त्याऐवजी खेळता खेळता विचारावे, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘राम’ उलट म्हण पाहू. असे साधे ध्वनिखेळ सातत्याने जमत नसतील आणि वाचनही रखडत असेल, तर त्याकडे लक्ष द्यावे. हे खेळ म्हणजे निदान नव्हे. आधी दृष्टी व श्रवण तपासावे, मग तज्ज्ञांकडून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे. तेथेही आकडे उलट क्रमाने म्हणवून घेण्याची चाचणी असते. ती कार्यकारी स्मृतीचा अंदाज देते. आपली मुले घरी मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात, ही बाब तपासणाऱ्यास आवर्जून सांगावी.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. तरीही वाचता न येणारे मूल आळशी ठरते, मार खाते, खेळाच्या तासाला वर्गात बसविले जाते. अडचणीला अपराध मानून शिक्षा देणे, हाच तर बटलर यांच्या उलट्या देशाचा कायदा! शब्द अवश्य उलटे करावेत. मुलांबरोबर हसत-खेळत करावेत. न्याय मात्र सुलटच असू द्यावा.